कुलूप लागल्यावर बंड्या काय करतो?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना एक विचारू? सकाळी सगळी माणसे आपापल्या उद्योगाला गेली, दाराला कुलूप लागले, की मग दिवसभर ते मांजर करते तरी काय?

'करणार काय? झोपा काढतं!' असेच म्हणाल ना? मीही हेच म्हणत असे. कुत्रा म्हणजे जीव लावणारा, मालकाची वाट बघत दाराशी बसणारा. मांजर मात्र पक्के आपमतलबी. 'कुत्रं माणसाचं, मांजर घराचं,' असे माझी आजी सांगायची. घर जागेवर आहे, ताटली भरलेली आहे, मग मांजराचे अडले कुठे? ही समजूत मला बंड्याच्या जिवाच्या मोलाने महाग पडणार होती. थोडक्यात निभावले, म्हणून हा लेखनप्रपंच.

बंड्या आमच्याकडे आला तो २०२० च्या जुलैत, भर पावसात. डोंबिवलीला आमच्या इमारतीखाली, स्कूटरच्या चाकाआड, जेमतेम दीड महिन्याचे भुरे पिल्लू कुडकुडत बसले होते. लेकीने ते ओढणीत गुंडाळून वर आणले. 'पाऊस थांबेपर्यंतच हं,' असे मी बजावले होते. पाऊस थांबला, पाहुणा राहिला. तुमच्याकडची बहुतेक मांजरेही अशीच आली असतील.

ते दिवस आठवताहेत ना? आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घरांचे घड्याळ पहिल्यापासून गाडीच्या हातात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला आगगाडी पोचली. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या आपण डबे भरतो ते गाडीची वेळ बघून. २०२० च्या मार्चमध्ये ती लोकलच सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि रोज सकाळी रिकामी होणारी घरे माणसांनी भरून गेली. आमच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलाशी ह्यांचे ऑफिस, पलंगावर लेकीची शाळा आणि ओट्याशेजारी माझ्या हिशेबाच्या फायली. ह्या तिन्ही कचेऱ्यांचा साहेब कोण, तर बंड्या! ह्यांची मीटिंग चालू असताना खुशाल पडद्यासमोरून शेपूट मिरवत जायचा. दुपारी आमच्यापैकी कुणाच्या तरी मांडीवर झोप. रात्री लेकीच्या पायाशी.

आता बघा, मला त्या वेळी जे सुचले नाही ते तुम्हांला सांगते. ह्या पिल्लाने जन्मल्यापासून रिकामे घर पाहिलेच नव्हते. घर म्हणजे माणसांनी भरलेलेच असते, असे त्याचे जग होते.

मग हळूहळू सारे पूर्ववत झाले. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना ठरावीक वेळांत गाडीने जाता येऊ लागले. २०२१ च्या १५ ऑगस्टला लशीच्या दोन्ही मात्रा पूर्ण झालेल्यांना लोकल खुली झाली. ४ ऑक्टोबरला शहरांतल्या शाळांचे वरचे वर्ग भरले. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या दाराला सकाळी साडेआठला जे कुलूप लागायचे ते संध्याकाळी साडेसहाला उघडायचे. हे फोर्टला, मी ठाण्याला, लेक शाळेत आणि तिथून क्लासला. आम्हांला वाटले, चला, सुटलो एकदाचे! बंड्याला काय वाटले हे विचारायचे कुणाच्या डोक्यातही आले नाही.

पहिल्यांदा सांगितले ते शेजारच्या माईंनी. "अगं, तुम्ही गेलात की तो दाराआड बसून ओरडत असतो. तासभर तरी." मी हसून म्हटले, "लाडावलाय हो!" मग तो पोट चाटू लागला. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवते हे खरे, पण ह्याने चाटून चाटून पोटावरचे केसच घालवले. मी म्हटले, उन्हाळी झाली असेल. मग एके दिवशी त्याने ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर लघवी केली. दुसऱ्या आठवड्यात आमच्या गादीवर.

मैत्रिणींनो, खरे सांगायला लाज वाटते, पण सांगते. दिवसभर उभ्याने प्रवास करून आलेली मी, समोर ओली गादी. "सूड उगवतोस होय रे मेल्या!" म्हणून मी त्याला मानगुटीला धरून न्हाणीघरात कोंडले. चांगले दोन तास. आतून आवाजसुद्धा आला नाही.

मांजर सूड उगवत नाही, हे मला नंतर कळले. वास हीच मांजराची भाषा. ज्या जागी आपला वास सर्वांत दाट, म्हणजे गादी, उशी, कपडे, तिथेच घाबरलेले मांजर पुष्कळदा आपला वास मिसळू पाहते. आणि कधी त्याला लघवी करताना दुखत असते, म्हणून ते नेहमीची जागा सोडून मऊ जागा शोधते. दोन्ही प्रकारांत ते आपल्याला काहीतरी सांगत असते, आणि आपण त्याला कोंडतो.

२०२२ च्या जानेवारीतली ती रात्र. बंड्या सारखा आपल्या वाळूच्या ट्रेमध्ये जायचा, बसायचा, कण्हायचा, कोरडाच बाहेर यायचा. आम्हांला वाटले, पोट साफ होत नसेल. 'तापाची पाव गोळी द्या, बरं वाटेल,' असा सल्लाही कुणीतरी फोनवर दिला. ती गोळी सापडली नाही हे आमचे भाग्य, कारण आपली रोजची पॅरासिटामॉल मांजराला चक्क विष आहे. रात्री अकराला त्याने ओकारी काढली आणि एका कुशीवर पडून राहिला. तेव्हा हे उठले, भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून त्याला ठेवले नि आम्ही रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो.

त्याची लघवी पूर्ण तुंबली होती. डॉक्टरांनी भूल देऊन, बारीक नळी घालून ती मोकळी केली. "बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो," ते म्हणाले. "असा तुंबला की दोन-तीन दिवसांत, कधी त्याच्याही आधी, मांजर हातचं जातं. सकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो." मग हात पुसता पुसता त्यांनी विचारले, "घरात अलीकडे काही बदल झालाय का?"

ह्यांनी लगेच मान हलवली. "छे, काहीच नाही."

लेक कोपऱ्यात रिकामी टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आपण आता घरी नसतो ना."

आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो.

डॉक्टरांनी मग नीट समजावले. मनावर ताण आला की काही मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, जंतू नसतानाही येते; तरुण, नसबंदी झालेल्या, घरातच असणाऱ्या बोक्यांत हे जास्त. एकटेपणा हेच एक कारण नव्हे. कमी पाणी पिणे, वजन वाढणे, नुसते कोरडे खाणे ही कारणेही त्यात येतात. पण आमच्या बंड्याच्या बाबतीत काय बदलले होते हे उघडच होते. तीन दिवस तो तिथे राहिला. चौथ्या दिवशी घरी आणला, तेव्हा मी रजा टाकून त्याच्याजवळ बसले आणि पहिल्यांदाच त्याच्या जागी बसून आमच्या घराकडे पाहिले. पंख्याची घरघर. बंद खिडकी. जिन्यात पाऊल वाजले की ताठ होणारे त्याचे कान, आणि पाऊल पुढे निघून गेले की पुन्हा खाली आलेली मान. दहा तास हेच.

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मांजराचे मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिकेतले आणि पश्चिम आशियातले रानमांजर. ते एकट्याने शिकार करणारे, कळपाशिवाय राहणारे. म्हणून मांजराला गोतावळा लागत नाही. पण एकटे असणे वेगळे आणि एकटे पडणे वेगळे, हे आपल्याला का कुणी सांगायला हवे? अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली एक प्रयोग झाला. मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत मालकाबरोबर ठेवले, दोन मिनिटे मालकाला बाहेर नेले, मग परत आणले. शंभरातली चौसष्ट पिल्ले मालक आल्यावर शांत झाली आणि पुन्हा आपापल्या खेळाला लागली. तान्ही मुले आईच्या बाबतीत करतात तसेच, आणि प्रमाणही जवळजवळ तेवढेच. म्हणजे माणूस हा त्यांचा आधार असतो. फक्त शेपूट हलवून ते आपल्याला तसे सांगत नाहीत.

तर आता आम्ही काय काय केले ते सांगते. त्यातले काही चुकलेसुद्धा.

चुकीपासूनच सुरुवात करते. 'एकटा आहे ना, मग जोडीदार आणू,' असे आमच्या मनात आले. कल्याणला नणंदेकडे मांजरी व्यायली होती. तिथून एक पिल्लू पिशवीत घालून आणले आणि सरळ बंड्यासमोर सोडले. काय कल्लोळ झाला म्हणता! बंड्या फिस्कारत कपाटावर चढला तो दोन दिवस खालीच आला नाही, जेवलाही नाही. पुन्हा डॉक्टर, पुन्हा बोलणी. कारण मांजराचे, त्यातून लठ्ठ मांजराचे, दोन-तीन दिवस खाणे सुटले की यकृतात चरबी साठते आणि तो आजार जिवावर बेततो. पिल्लू परत कल्याणला गेले. दुसरे मांजर कधीच आणू नये असे नाही. आणायचेच तर दोघांच्या खोल्या वेगळ्या ठेवाव्या, आधी एकमेकांच्या अंथरुणाचा वास द्यावा, मग दाराच्या फटीतून दर्शन, आणि असे करत काही आठवडे जाऊ द्यावे. ताटल्या वेगळ्या, आणि ट्रे मांजरांच्या संख्येहून एक जास्त. तुम्ही अजून मांजर आणलेच नसेल आणि घर दिवसभर रिकामे असेल, तर मात्र एकाच वितीतली दोन भावंडे एकदम आणा. ती एकमेकांची होतात.

आता उपयोगी पडलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे वेळ. बंड्याला आम्ही दिवसभर नको होतो. आम्ही केव्हा येणार हे त्याला कळायला हवे होते. म्हणून सकाळी निघण्याआधी पंधरा मिनिटे आणि रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटे खेळ, अगदी देवपूजेसारखा नेमाने. पडद्याच्या जुन्या काठीला दोरी, दोरीला चिंधी. ती जमिनीवरून उंदरासारखी पळवायची, लपवायची, आणि शेवटी त्याला पकडू द्यायची. पकडली की लगेच जेवण. शिकार, भोजन, अंग चाटणे, झोप, असा मांजराचा मूळचा क्रम आहे. तो पुरा झाला की आपण गेल्यावर ते खरेच झोपते. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते हे खरे, पण समाधानाने झोपणे निराळे आणि करायला काही नाही म्हणून पडून राहणे निराळे. एक काळजी घ्या: खेळ झाला की दोरी कपाटात. मांजराने दोरा गिळला तर आतडी कापली जातात.

दुसरी गोष्ट खिडकी. सात वर्षे बंद असलेली आमची मागची खिडकी आम्ही उघडली, बाहेरून बारीक तारेची भक्कम जाळी ठोकून घेतली आणि खाली जुनी शिलाई मशीन सरकवली. तिथून गुलमोहर दिसतो, कावळे दिसतात, पलीकडून गाडीचा आवाज येतो. बंड्याचे हेच दूरदर्शन. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी जाळीशिवाय खिडकी उघडी टाकू नये. मांजर तोल सावरते म्हणून पडत नाही, हा भ्रम आहे. आणि नुसती मच्छरदाणीची जाळी त्याच्या नखांपुढे टिकत नाही.

तिसरी गोष्ट जेवण थोडे मिळवायला लावणे. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, चपलांचे रिकामे खोके, त्यात चार-चार दाणे लपवून ठेवायचे. शोधताना त्याचा अर्धा तास जातो. नवरात्रात घटाशी पेरतो तसे मूठभर गहू एका पसरट कुंडीत पेरा. आठवड्याभरात कोवळे तृण येते, ते मांजरे आवडीने कुरतडतात. पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेवा, दोन-तीन ठिकाणी ठेवा. बोक्याच्या पोटात पाणी जितके जास्त तितके बरे.

चौथी गोष्ट वास. मी माझा अंगावरचा गाऊन न धुता त्याच्या टोपलीत टाकून जाते. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते असो! आणि घरी आल्यावर पर्स ठेवण्याआधी, मोबाइल बघण्याआधी, पाच मिनिटे त्याची. खाली बसायचे, बोट पुढे करायचे, त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे नि सावकाश उघडायचे. हसू नका हं! इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले आहे की माणसाने असे डोळे मिचकावले की मांजर तसाच जबाब देते आणि जवळ यायला अधिक राजी होते. मी हे रोज करते. ह्यांना पहिल्यांदा वाटले माझ्या डोळ्यांत काही गेले.

आणि एक फार महत्त्वाचे. हे सगळे उपाय नंतरचे. मांजर खूप झोपू लागले, खाणे सोडले, एकच जागा चाटू लागले, भलत्या जागी लघवी करू लागले, रात्री उगीच ओरडू लागले, तर 'एकटेपणा आहे' असे घरच्या घरी ठरवू नका. आधी डॉक्टर. दात दुखत असतील, मूत्रपिंड बिघडले असेल, वय झालेल्या मांजराची थायरॉइडची गाठ वाढली असेल. आणि बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कोरडाच उठत असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच तासाला न्या. पूर्वी जनावर आजारी म्हटले की परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयच डोळ्यांसमोर यायचे. आता ठाण्यापासून कल्याणपर्यंत जनावरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण रात्री दार कोण उघडते याची चौकशी आजच करा आणि तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

हे सगळे केले, तरी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा हा मोठा पल्ला उरतच होता. तो भरून काढला माईंनी.

माई सत्तरीच्या, एकट्याच. मुलगा पुण्याला. मी भीत भीत त्यांच्याकडे किल्ली घेऊन गेले. "दुपारी एकदा फक्त डोकवाल का? ताटलीत थोडं घालायचं, बस." माई म्हणाल्या, "बाई गं, मला मांजराचे केस चालत नाहीत. पाच मिनिटं जाऊन येईन." पाच मिनिटांची दहा कधी झाली, दहाचा तास कधी झाला, मला कळले नाही. एकदा तब्येत बरी नाही म्हणून मी दुपारीच परतले. दार लोटलेले होते. माई आमच्या खुर्चीत बसून पेपरातली बातमी मोठ्याने वाचत होत्या, आणि बंड्या त्यांच्या पदरावर पसरून ऐकत होता. मला बघून त्या थोड्या ओशाळल्या. म्हणाल्या, "घरी वाचते तर ऐकायला कुणी नसतं गं."

पाच वर्षे मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. बंड्या दाराआड रडतो हे त्यांनी मला सांगितले, तेव्हा त्या दुपारभर काय ऐकत बसलेल्या असतात हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

आता त्या दुपारचा चहा आमच्याकडेच करतात. बंड्याच्या पोटावरचे केस परत आलेत. त्या रात्रीनंतर त्याची लघवी एकदाच अडखळली, ती गणपतीत आम्ही सगळे चार दिवस कोकणात गेलो तेव्हा. आता गावाला जाताना दिवसातून दोनदा कुणीतरी येईल अशी सोय केल्याशिवाय आम्ही कुलूप लावत नाही. ओळखीच्या घरात ओळखीचे माणूस येणे त्याला परक्या ठिकाणी ठेवण्यापेक्षा मानवते.

परवा माई आठ दिवस लेकाकडे पुण्याला गेल्या होत्या. रोज दुपारी एकच्या ठोक्याला त्यांचा मला ऑफिसात फोन. "बंड्या जेवला का गं?" आठ दिवसांत मी जेवले का, हे त्यांनी एकदाही विचारले नाही!